पडद्यावरून हात शिकवता येत नाही

'फिजिओथेरपी ही हातांची विद्या, ती ऑनलाइन शिकवूच नये' असं म्हणतात, ते मला निम्मंच पटतं. रुग्णाचा सांधा हाताने हलवण्याच्या मेटलँड पद्धतीतल्या ग्रेडचंच, म्हणजे पायऱ्यांचंच बघा. ग्रेड 1 आणि ग्रेड 4, दोन्हींत हालचाल इवलीशी; पण पहिली सांध्याच्या हालचालीच्या सुरुवातीला, दुसरी अगदी शेवटच्या टोकाशी. व्हिडिओत दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात, हाताला मात्र जमीन-अस्मानाचा फरक कळतो.

म्हणूनच परदेशातल्या विद्यार्थ्यांना दूरवरून शिकवताना तिथल्या संस्थेशी भागीदारी हवी. आमच्या अभ्यासक्रमात व्याख्यानं दूरवरून व्हायची, पण विद्यार्थ्याच्या हातावर हात ठेवून दाब दुरुस्त करायला तिथल्याच ज्येष्ठ थेरपिस्ट असायच्या. परीक्षेतले रुग्णही त्याच निवडायच्या. त्यांनी आमचे दोन धडे साफ बदलायला लावले, कारण त्यांतली यंत्रं त्यांच्याकडे नव्हतीच. बदललेले धडे आम्ही आमच्याकडेही वापरतो.