नाशिकच्या जुन्या दगडी न्यायालयाचे वारसामूल्य कशावरून ठरवावे?

गोदाकाठचा_पक्षकार

वाटणीच्या एका दाव्यामुळे गेली दोन वर्षे सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात माझे येणे-जाणे आहे. पुकारा होईपर्यंत आवारात बसून राहावे लागते आणि त्या वेळात जुन्या दगडी बांधकामाकडे आपोआप लक्ष जाते. आता शेजारी नवी बहुमजली इमारत उभी राहिल्यामुळे जुन्या वास्तूचे पुढे काय, अशी चर्चा चहाच्या टपरीवर नेहमी चालते. काहींच्या मते ते इंग्रजांच्या काळातले गैरसोयीचे दगड आहेत, तर काही जण अनंत कान्हेरे यांच्यावरील खटला येथेच चालला असे सांगून वास्तूला स्मारकाचा दर्जा मागतात. न्यायालयाच्या इमारतीचे मूल्य जाणकार नेमके कशावरून ठरवतात? आणि बांधकामाला शंभर वर्षे झाली की कायद्याचे संरक्षण आपोआप मिळते का?

काळा_कोट

प्रथम एक दुरुस्ती करतो, कारण वारशाची मागणी चुकीच्या माहितीवर उभी राहिली की पहिल्याच हरकतीला कोसळते. जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात झाला, हे खरे. परंतु कान्हेरे आणि त्यांच्या साथीदारांवरील खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या विशेष न्यायपीठापुढे चालला आणि 19 एप्रिल 1910 रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. नाशिकच्या सत्र न्यायालयाचा या इतिहासाशी असलेला संबंध त्याच्या आधीचा आहे. गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांना जून 1909 मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली ती याच सत्र न्यायालयाने, आणि जॅक्सन यांच्यावरील रोषाचे एक मोठे कारण तीच शिक्षा होती. ही गोष्ट टपरीवर कोणी सांगत नाही, याचे मला नवल वाटते.

शंभर वर्षांविषयी सांगायचे तर संरक्षण आपोआप मिळत नाही. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात शंभर वर्षांची अट असली, तरी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची असल्याचे अधिसूचनेने जाहीर व्हावे लागते. राज्याचा 1960 चा स्वतंत्र कायदा आहे. तेथेही अधिसूचनेशिवाय वास्तू राज्य संरक्षित स्मारक ठरत नाही. यांखेरीज स्थानिक वारसा यादीची वाट आहे. मुंबईत 1995 च्या नियमावलीने वास्तूंना श्रेणी दिल्या आणि तेथील उच्च न्यायालय पहिल्या श्रेणीत आहे. वापरात असलेल्या इमारतीला यादीची वाट अधिक सोयीची, असे माझे मत आहे. संरक्षित स्मारकात रोजचे कामकाज चालवणे फार अवघड होऊन बसते.

चुन्याची_घाणी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून बांधकामाच्या अंगाने लिहितो. तुलनेसाठी मुंबईचे उच्च न्यायालय घ्यावे. कर्नल जेम्स फुलर यांनी आखलेल्या या गॉथिक वास्तूचे काम 1871 मध्ये सुरू होऊन 1878 मध्ये पूर्ण झाले. आत दगड-चुन्याचे भरीव बांधकाम आणि बाहेरून निळसर काळ्या पाषाणाचा दर्शनी थर, अशा त्याच्या भिंती आहेत. आपल्या सह्याद्रीचा हा पाषाण ऊन-पाऊस सोसतो, पण नाजूक कोरीवकामाला दाद देत नाही. म्हणून त्या काळी मुंबईत नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ दगड आणीत. छतावर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत, आणि आत एका खांबावर एका डोळ्याला पट्टी बांधलेले, हातात तराजू धरलेले माकडही कोरलेले आहे. कंत्राटदाराने कोणावर तरी सूड उगवला, अशी त्यामागची दंतकथा सांगतात. खरेखोटे ते माकडच जाणे.

मात्र नक्षीपेक्षा आखणीकडे अधिक लक्ष द्यावे. तेथे न्यायाधीशांचे खाजगी जिने अष्टकोनी मनोऱ्यांतून वर जातात, त्यामुळे न्यायाधीश आणि पक्षकार यांची वाटेत गाठ पडत नाही. न्यायालय म्हणून बांधलेली वास्तू आणि साधी कचेरी यांतला फरक येथे कळतो. नाशिकच्या इमारतीत हेच तपासावे: आसनाची उंची, आरोपीच्या पिंजऱ्याची जागा, साक्षीदारांची वाट, खोल ओसऱ्या, वरच्या झडपांमधून खेळणारा वारा. मूळ आखणी शिल्लक असेल तर दर्शनी भाग साधा असला तरी मूल्य मोठे असते.

एक कळकळीची सूचना करतो. चुन्यातील दगडी भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरू देऊ नयेत. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते; मग दरज तशीच राहते आणि शेजारचा दगड झिजू लागतो. ज्या इमारतींचे ‘सुशोभीकरण’ मी पाहिले, त्यांतील बऱ्याच ठिकाणी खरे नुकसान पावसापेक्षा याच कामाने केले होते.

गोदाकाठचा_पक्षकार

दोघांचेही आभार. कान्हेरे यांच्याविषयीची माझी समजूत चुकीची होती, हे मान्य करतो. बाबारावांचा खटला याच दगडी इमारतीत चालला, असे मात्र आता म्हणता येईल का?

काळा_कोट

निकाल या न्यायालयाचा आहे एवढे म्हणावे. दालनाचे नाव कागद पाहिल्यावाचून घेऊ नये. सार्वजनिक बांधकाम विभागाचे जुने नकाशे पाहावेत आणि 1883 चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियरही चाळावे. त्या वेळी शहरात कोणत्या सरकारी इमारती होत्या, याचा अंदाज त्यातून येतो. मुंबईत लोकमान्य टिळकांना 22 जुलै 1908 रोजी ज्या दालनात शिक्षा झाली, ते दालन निश्चित ठाऊक असल्यामुळेच तेथे त्यांच्या उद्गारांची पाटी लावता आली. उच्च न्यायालयाचेही नवे संकुल वांद्रे पूर्वेला होणार आहे, तेव्हा जुन्या दालनांचा वापर कसा करायचा हा प्रश्न तेथेही येईल. आपल्याकडे निदान काही दिवाणी न्यायालये किंवा अभिलेख कक्ष जुन्याच इमारतीत ठेवावेत, असा अर्ज वकील संघामार्फत करता येईल. पुढच्या तारखेला आलात तर बाररूममध्ये भेटा, मसुदा बरोबर बसून लिहू.