मदत हवी आहे: एनईएफटीने ४२ हजार भलत्याच खात्यात गेले

नमस्कार मंडळी,

चूक माझीच आहे, त्यामुळे आधी दोन शिव्या घालून मग उत्तर दिलंत तरी चालेल.

गावी (पाटण तालुका) घरावरचे पत्रे बदलून घेतले. मिस्त्रींनी बिलाच्या मागे खाते क्रमांक लिहून दिला, वडिलांनी त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी पुण्यातून शनिवारी रात्री नेटबँकिंगने ४२,००० रुपये एनईएफटी केले. मिस्त्री आकडे लिहितात अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी. त्यांचा मराठी एक मी इंग्रजी नऊ म्हणून वाचला. क्रमांक दोनदा टाकायला लावतात, तो मी इमानदारीत दोनदा टाकला. दोन्ही वेळा त्याच फोटोवरून, दोन्ही वेळा नऊ!

नावाच्या रकान्यात मिस्त्रींचं नाव अगदी बरोबर होतं. मला वाटलं, नाव जुळलं नाही तर पैसे आपोआप परत येतील. पण त्या क्रमांकाचं खातं खरोखरच कोणाचं तरी आहे आणि पैसे तिथे जमा झाले.

आमची बँक म्हणते, समोरच्या बँकेला मेल केलाय, खातेदाराने संमती दिली तरच परत येतील. खातेदाराचं नाव, फोन काही सांगत नाहीत. तीन आठवडे झाले. १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करू का? दुसरं म्हणजे, पुढच्या महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी कार्यालयाचे साडेतीन लाख पाठवायचे आहेत आणि आता बटण दाबायला हात धजत नाही. मोठी रक्कम पाठवताना तुम्ही नक्की काय करता?

प्रतिसाद

१९३० सायबर फसवणुकीसाठी आहे. तुमची फसवणूक झालेली नाही, तेव्हा तसं खोटं सांगू नका. एखाद्या निरपराध माणसाचं खातं गोठायचं.

एनईएफटीत पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा होऊ शकतात, नाव जुळवलं जाईलच असं नाही. क्रमांक बरोबर देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी, हे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच सांगून ठेवलंय. खातं अस्तित्वातच नसतं तर रक्कम परत आली असती. तुमचं नशीब वाईट.

आता शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, यूटीआर क्रमांकासकट (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), आणि पोच घ्या. नुसत्या फोनवर काही हलत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण तिथे बँकेची दिरंगाई बघतात, तुमचा नऊ नाही. शेवटचा मार्ग वकिलाची नोटीस. चुकून मिळालेले पैसे परत करणं भारतीय करार कायदा १८७२, कलम ७२ नुसार बंधनकारक आहे.

प्रतिसाद

एक बाजू कोणी बोलत नाही. तो खातेदार लबाडच असेल असं नाही, घाबरलेला असू शकतो. "चुकून तुमच्या खात्यात पैसे आलेत, परत पाठवा" हा भामट्यांचा ठरलेला फोन आहे. माझ्या सासूबाईंना असा फोन आला तेव्हा आम्हीच त्यांना सांगितलं, कोणालाही काही पाठवायचं नाही. त्यामुळे त्याला त्याच्याच शाखेने बोलावून लेखी विचारावं, असा आग्रह धरा. स्वतः त्याचा पत्ता काढत फिरू नका. आणि कोणी मेसेज करून "पैसे परत मिळवून देतो" म्हणालं, तर सरळ ब्लॉक.

प्रतिसाद

साडेतीन लाखांचं सांगतो. आकडे फोटोवरून वाचायचे नाहीत. कार्यालयवाल्यांकडून रद्द केलेला चेक मागा, त्यावर क्रमांक छापील असतो. आयएफएससीतलं (बँक शाखेचा कोड) पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी, आरटीजीएसलाही (मोठ्या रकमांसाठीची तशीच सोय) पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. ती पायरी वगळू नका, तुम्ही बहुतेक तिथेच घाई केलीत. मग एक रुपया पाठवा, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून मिळाल्याची खात्री करा आणि उरलेले पैसे त्याच साठवलेल्या नावावर पाठवा. पुन्हा नव्याने क्रमांक टाकलात तर तो एक रुपया फुकट गेला. एवढं करूनही धाकधूक वाटली तर सरळ अकाउंट पेयी चेक द्या, कार्यालयवाले काही नाही म्हणत नाहीत.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. हो, नाव तपासायचा पर्याय होता, मीच पुढे गेलो. सासूबाईंचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. अर्जात आता ते वाक्य घातलंय आणि सोमवारी शाखेत देतोय.

मिस्त्रींचे पैसे थांबवणं बरं नव्हे म्हणून आज पुन्हा ४२ हजार पाठवायला बसलो. क्रमांक पासबुकावरून घेतला, नाव तपासलं, आधी एक रुपया पाठवला. दोन मिनिटांत त्यांचाच फोन: "दादा, एकच रुपया आलाय हो!"