आजोबांची सीडीसी शोधा

‘आजोबा 30 वर्षं जहाजावर होते, पण गावात त्याची एकही नोंद नाही, आठवणी लिहायला तारखा कुठून आणू?’ असं वर विचारलंय. नोंद असते. मर्चंट नेव्हीत असतील तर त्यांची सीडीसी (कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट, खलाशाच्या नोकरीचं नोंदपुस्तक) शोधा: पासपोर्टसारखं पुस्तक, पत्र्याच्या पेटीत अगदी तळाशी पाहा. प्रत्येक जहाजाची एक नोंद, त्यात जहाजाचं नाव, हुद्दा, कुठल्या बंदरात कधी चढले, कधी उतरले, आणि कॅप्टनची सही. ‘व्हीजी’ असा शिक्का दिसला तर तो ‘व्हेरी गुड’, म्हणजे काम-वागणुकीचा शेरा. पुस्तक भरलं की नवं मिळतं, म्हणून एकावर थांबू नका.

त्यांचा संसार मात्र दोन नोंदींच्या मधे सापडतो. उतरल्यापासून पुन्हा चढेपर्यंतचे दिवस म्हणजे सुटी. ते पोळा, कापूस वेचणी, लेकरांच्या जन्मतारखा यांच्याशी ताडून पाहा. बाप कुठल्या बारशाला घरी होता ते कळतं. मुंबईत पुढच्या जहाजाची वाट पाहण्यात गेलेले दिवसही यातच मिसळतात, तेव्हा मनीऑर्डरच्या पावत्या सोबत लावा: पैसे मुंबईहून आले असतील तर ते तेव्हा घरी नव्हते. पानं लॅमिनेट अजिबात करू नका, चिकटलेलं प्लास्टिक परत निघत नाही. शिक्का पुसट असेल तर खिडकीशी तिरप्या उजेडात फोटो काढा, दाबाच्या खुणा असतील तर उठून दिसतात.