घरफोडी झाली की पहिली धाड पालावरच का?

अंकलिपी
सातवीतली मुलगी चार दिवस शाळेत आली नाही म्हणून पालावर गेले. पारध्यांची पाच पालं. शेजारच्या गावात घरफोडी झाली म्हणून रात्री दोनला पोलीस आले, बापाला आणि चुलत्याला घेऊन गेले. बापावर एक जुनी केस होती, त्यात तो निर्दोष सुटलाय. चुलत्यावर तर काहीच नाही. आईच्या कानातल्या बुगड्या 'पावती दाखव' म्हणत काढून घेतल्या. माझ्या मंगळसूत्राची पावती माझ्याकडेही नाही, पण मला कुणी कधी विचारली नाही. तिसऱ्या दिवशी दोघांना सोडलं. बुगड्या मिळाल्या नाहीत.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्यातल्या काही पुढे सोलापूरला तारेच्या कुंपणात ठेवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून गेला. पालावर तो अजून चालूच आहे.

निवृत्त हवालदार
ताई, पंचनामा न करता बुगड्या नेल्या असतील तर ते चूकच. त्यावर पांघरूण घालणार नाही. पण तीस वर्षं रात्रगस्त केलेल्या माणसाचंही ऐका. ठाण्यात माणसं मोजकी, हद्दीत पन्नास गावं, आणि सकाळी फिर्यादी दारात उभा. प्रत्येक टोळीची पद्धत असते. कडी कशी उचकटली, कुठून शिरले, यावरून रेकॉर्डवरच्या माणसांकडे जातो. ती पालावर राहत असतील तर पालावरच जावं लागणार.

काळा कोट
हवालदारसाहेब, पद्धतीवरून एका नावापर्यंत पोचणं हा तपास झाला. चुलत्याचं नाव कोणत्या पद्धतीत बसलं? त्याची जमात सोडून दुसरं कारण दिसत नाही. शिवाय अटक केली तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, राज्यघटनेचं कलम २२. इथं अटकच दाखवायची नाही, म्हणजे तासही मोजायला नकोत. तुरुंगांतल्या जातिभेदावर ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल देताना सुप्रीम कोर्टानं पोलिसांनाही बजावलंय, की विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका.

गावठाण
कलमं ठीक आहेत. आमच्याकडे दरोडा पडला तेव्हा आईच्या डोक्यात दांडका घातला, नऊ टाके पडले. पकडलेले चौघं पालावरचेच निघाले. आई अजून दिवा लावून झोपते. पोलिसांनी तिथं आधी जायचं नाही, तर मग कोणाच्या दारात जायचं?

अंकलिपी
दादा, आईंचं वाचून गलबलून आलं. त्या चौघांना शिक्षा झालीच पाहिजे. पण पतसंस्था बुडाली तर चेअरमनच्या भावकीतल्या पुरुषांना कुणी रात्री दोनला उचलतं का? चोर ज्याचा त्याचा असतो. पालावर मात्र तो सगळ्यांचा होतो, सातवीतल्या पोरीचासुद्धा.

निवृत्त हवालदार
एक कबूल करतो. रेकॉर्ड म्हणजे काय, तर आम्हीच केलेल्या धाडींची वही. ज्याला दहा वेळा आणलं त्याचं नाव दहा वेळा चढतं आणि अकराव्यांदा तेच आधी दिसतं. नोकरीत असताना हे डोक्यात आलं नव्हतं. तरीही गावठाण म्हणतात तशा रात्री मी पालावर जाणार. मात्र नाव घेऊन जाईन आणि स्टेशन डायरीला नोंद टाकून जाईन.

गावठाण
नोंद करा, नाही म्हणत नाही. पण जा.

अंकलिपी
नाव आणि नोंद, माझंही मागणं तेवढंच आहे. मुलगी काल शाळेत आली, मागच्या बाकावर बसली. बुगड्यांसाठी तिच्या आईचा अर्ज सोमवारी अधीक्षक कार्यालयात द्यायचाय. काळा कोट, मसुदा पाठवू का?