घर असताना हॉस्टेल म्हणजे चैन?

शलाका_टी
प्रवेशाच्या धाग्यावर काल एकांनी लिहिलं, "लोकलच्या टप्प्यात घर असेल तर हॉस्टेल ही निव्वळ चैन. आम्ही कर्जतहून केलं, मेलो नाही." दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून वेगळा धागा.

माझी भाची माटुंग्याला इंजिनिअरिंगला आहे, घर टिटवाळ्याला. नऊचं लेक्चर गाठायला पोरगी साडेसहाला घर सोडते, कारण फास्ट माटुंग्याला थांबत नाही. दादरला उतरायचं, पूल चढायचा, उलटी स्लो पकडायची. संध्याकाळी टिटवाळा हुकली की फलाटावर ताटकळत उभं राहायचं. घरी पोचेपर्यंत साडेआठ. जेवली की डोळे मिटतात, मग जर्नल कधी लिहायचं? मागच्या ग्रुप प्रोजेक्टचं सगळं डिझाइन हॉस्टेलच्या मुलांनी रात्री जागून केलं आणि हिच्याकडे फाइलला स्पायरल बाइंडिंग करून आणायचं काम आलं. हुशारीत ती कोणाला ऐकणारी नाही, पण रात्री तिथे नव्हती.

आणि "मेलो नाही" असं तर लिहूच नये. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं पडून खरोखर मेली. घर लोकलच्या टप्प्यात आहे का, हे विचारू नका. दारापासून वर्गापर्यंत किती वेळ लागतो ते विचारा. दीड तासाच्या वर जात असेल तर हॉस्टेल ही गरज आहे.

जुना_कर्जतकर
वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. मुंब्र्याला जे झालं तो रेल्वेचा गुन्हा आहे. पंधरा डब्यांच्या गाड्या वाढवा म्हणून आम्ही प्रवासी किती वर्षं ओरडतोय! पण त्याचा राग घरून शिकण्यावर का काढता? कर्जतला गाडी सुटते, बसायला मिळतं. मेकॅनिक्सची अर्धी गणितं मी ठाण्यापर्यंत सोडवलीत. डब्यातले एक काका ड्रॉइंगची शीट तपासून द्यायचे. हॉस्टेलला गेलेले माझे दोन मित्र पहिल्याच वर्षी केट्या (नापास झालेले विषय) घेऊन बसले, रात्री जेवलात का विचारणारं कुणी नव्हतं.

शिवाय हॉस्टेलची ती खोली गडचिरोलीच्या पोराची आहे. टिटवाळ्याच्या मुलीने ती का अडवावी?

औसेकर
गडचिरोलीचं नाव घेतलंत तर आमचंही ऐका. मला घर की हॉस्टेल असा प्रश्नच नव्हता. सरकारी वसतिगृहाच्या यादीत नंबर लागला नाही. असा नंबर न लागलेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी सरकारची 'स्वाधार' भत्ता योजना आहे, तिच्यातून मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात, त्यात राहण्याचे २० हजार. म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत! तेवढ्यात पुण्यात भाड्याची एक कॉट दाखवा मला. आणि तेही पैसे परीक्षा संपल्यावर खात्यात आले. तोवर मेसवाल्या मावशींनी उधारीवर जेवू घातलं, नाहीतर मी गावी परत गेलो असतो. शाहू महाराजांनी १९०१ला कोल्हापुरात बोर्डिंग काढलं. खेड्यातल्या पोराला शहरात आधी छप्पर लागतं हे त्यांना कळलं होतं. आज इमारती वाढतात, कॉलेजं वाढतात, वसतिगृहाची खोली वाढत नाही.

मेघना_क
थोडं अवांतर. मुलींच्या हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, हे इथे कुणीच का लिहीत नाही? आमचं साडेआठला. लायब्ररी अकरापर्यंत उघडी, पण ती फक्त मुलांसाठीच म्हणायची. पावसात बस बंद पडली म्हणून दहा मिनिटं उशीर झाला, तर रेक्टरबाईंनी घरी फोन करून "मुलगी बाहेर होती" एवढंच सांगितलं. बाबा रातोरात निघाले. २०२४-२५पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बऱ्याच मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, छान झालं. पण अभ्यासाची वेळ कोण माफ करणार?

बाप_माणूस
मॅडम, साडेनऊला मुलीला काही झालं तर आधी रेक्टरलाच धरता ना? मग गेट बंद केलं की ओरडता कशाला? माझ्या दोन्ही मुली घरून शिकल्या आणि दोघी आज नोकरीत आहेत.

मेघना_क
ओरडत नाहीये, नियम सांगतेय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५च्या विनियमांत स्पष्ट लिहिलंय की सुरक्षेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. दिल्लीतल्या मुलींनी त्याच वर्षी हॉस्टेलच्या अशा गेटबंदीविरुद्ध 'पिंजरा तोड' आंदोलन सुरू केलं. आपल्याकडे पालकच गेटला कुलूप मागतात. आणि घरून शिकल्या म्हणता, तर संध्याकाळच्या पोळ्या कोण लाटायचं? भाऊ असता तर त्यानेही लाटल्या असत्या का?

बाप_माणूस
माझ्या घरात शिरायचं कारण नाही. तुम्हाला वडील रातोरात आले याचा राग आहे, मला त्यांचं काळीज कळतं.

मेघना_क
त्यांचं काळीज मलाही कळतं. त्या रात्री माझ्यावर विश्वास कुणी ठेवला नाही, ते तुम्हाला कळत नाहीये.

जुना_कर्जतकर
दोघांनी जरा दमानं घ्या. गेटचा नियम मुलामुलींना एकच हवा, हे मान्य. नाइलाजाने का होईना, पण मान्य. बाकी माझं मत बदललेलं नाही.

औसेकर
गेटवर वीस प्रतिसाद येतील. भत्ता वेळेवर येत नाही, त्यावर एकही आला नाही.

शलाका_टी
औसेकर, तुमचं बरोबर आहे. सरकारी वसतिगृहाला भाचीचा अर्ज करायचा नाही, हे आज ताईशी बोलून ठरवलं. पैसे मोजून किंग्ज सर्कलला दोन मुलींबरोबर कॉट बघतोय. घरमालकीण दार दहाला बंद करते म्हणे, त्यावर आधी बोलणार आहे. आणि कर्जतकर, टिटवाळ्याहून साडेसहाला घर सोडून एक आठवडा माटुंगा करा, मग बोलू.