कलासंग्रहालयात अख्खा दिवस: आई आणि भाच्याला घेऊन जातेय, काय बघू आणि काय सोडू?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी एका कलासंग्रहालयात दिवसभर खुले कार्यक्रम आहेत. मी, आई (वय ६८, गुडघे दुखतात, पण चित्रं मनापासून आवडतात) आणि बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा असे तिघं जाणार आहोत.

पत्रकात बरंच काही आहे. साडेदहाला कायमस्वरूपी संग्रहाची माहितीफेरी, साडेअकराला लाकडी ठशांच्या छपाईचं प्रात्यक्षिक, दोनला मुलांची कार्यशाळा, चारला क्युरेटरचं व्याख्यान आणि संध्याकाळी माहितीपट. शिवाय तळमजल्यावर जपानी छापचित्रांचं तात्पुरतं प्रदर्शन आणि वरच्या मजल्यावर जुनी तैलचित्रं.

विचारायचं कारण सांगते. मागच्या वेळी आम्ही सगळंच बघायचं ठरवून गेलो होतो. तीनच्या सुमारास आई जिन्याजवळच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही बघून या, मी बसते इथंच." जे चित्र बघायला ती आली होती, ते तिथून दोनच दालनं पुढे होतं. तिने ते पाहिलंच नाही. घरी येताना त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागलं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. सुचवा.

निवांत:
पाऊलवाट, सर्वात आधी आईंना विचारा की त्यांना कोणतं एक चित्र बघायचंच आहे. आणि दार उघडल्यावर थेट तिथे जा. वाटेतली दालनं बघत बघत नाही, थेट. पाय ताजे असतात, गर्दी नसते. बाकीचा दिवस मग कसाही गेला तरी चालतो.

आणि आईंचं थकणं केवळ वयाचं समजू नका. बॉस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आइव्हस गिलमन यांनी १९१६ साली यावर लेख लिहिला होता. एका माणसाला कपाटातल्या वस्तू बघायला लावून त्याचे फोटो काढले. कुठे तो कमरेत वाकलाय, कुठे मान वाकडी करतोय, कुठे जवळजवळ गुडघ्यावर बसलाय. थकवा वस्तू मांडण्याच्या पद्धतीमुळेही येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. सतत उभं राहणं, दोन पावलं चालून पुन्हा थांबणं, हे सरळ चालण्यापेक्षा गुडघ्यांना जड जातं.

बऱ्याच संग्रहालयांत घडीची हलकी स्टुलं मिळतात, काखेत धरून नेता येतात. व्हीलचेअरही असते. आदल्या दिवशी फोन करून विचारा, कारण कार्यक्रमाच्या दिवशी ती लवकर संपतात.

ठसा:
मी स्वतः छापचित्रं करते, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल. तरी सांगते, साडेअकराचं प्रात्यक्षिक सोडू नका, आणि छापचित्रांचं प्रदर्शन त्याच्यानंतरच बघा. आधी नाही.

जपानी पद्धतीत प्रत्येक रंगाला साधारणपणे वेगळा ठसा असतो. आधी रेषांचा ठसा कोरायचा, त्याच्या प्रती काढायच्या आणि त्यांवरून रंगांचे ठसे. ठशाच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन खाचा कोरलेल्या असतात, त्यांना केंतो म्हणतात. ओलसर कागद दर वेळी त्याच दोन खाचांत टेकवायचा आणि मग खाली सोडायचा. वरून बारेनने, म्हणजे बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या गोल गादीने, घासायचं. कागद केसभर सरकला तर रंग रेषेबाहेर जातो. हे एकदा डोळ्यांसमोर घडताना पाहिलं की दालनातल्या प्रत्येक चित्राच्या कडा तुम्ही वेगळ्याच बघता.

दुसरं असं की तैलचित्रं बहुधा पुढच्या वर्षीही तिथेच असतील. कागदावरची चित्रं नसतील. उजेडाने कागद पिवळा पडतो, रंग उडतात. करडईच्या फुलांचा गुलाबी तर फार लवकर जातो. म्हणून असं काम सहसा ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच्या मंद उजेडात लावतात आणि काही महिन्यांनी उतरवून पुन्हा अंधारात ठेवतात. स्कॉटलंडच्या एडिनबरोत इंग्लिश चित्रकार टर्नरची ३८ जलरंगचित्रं आहेत. ती फक्त जानेवारीत लावायची, ही अट ती चित्रं संग्रहालयाला देणाऱ्या संग्राहकानेच घातली होती, आणि जानेवारीच का, तर तेव्हा उजेड सर्वात क्षीण. दालन अंधारं वाटलं तर आईंना सांगा, दोन-तीन मिनिटं थांबा. डोळे सरावतात.

उंबरठा:
कार्यशाळेबद्दल एक अनुभव. पत्रकात "सर्वांसाठी खुली" असं लिहिलेलं होतं, म्हणून आम्ही वेळेच्या पाच मिनिटं आधी पोहोचलो. तिथे कळलं की सकाळीच टोकन घ्यायचं होतं आणि ती संपली होती. मुलगी काचेच्या दाराबाहेर उभी राहून आतल्या मुलांना माती मळताना बघत राहिली. चाळीस मिनिटं. ती रडली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की टोकन म्हणजे काय.

म्हणून आत शिरल्यावर पहिलं काम काउंटरवर चौकशी. सामान ठेवायलाही नंतर जा.

कोरा कागद:
मी चित्रकला शिकवते. भाच्यासाठी सांगते.

त्याला चित्राची माहिती सांगू नका, त्याला विचारा. अॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनवाइन यांनी मुलांबरोबर चित्र बघण्याची एक पद्धत तयार केली आहे, तिच्यात तीनच प्रश्न आहेत: या चित्रात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? आणखी काय सापडतंय? दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मूल म्हणतं, "ही बाई घाबरलीय." आपण म्हणायचं, कशावरून? मग ते पुन्हा चित्राकडे वळतं आणि बोटांची पकड, भुवया, अर्धवट उघडं दार असं काहीतरी शोधून आणतं. उत्तर बरोबर की चूक ते सांगायचं नाही. वर्गात मी हे कित्येक वर्षं करतेय. सगळ्यात गप्प बसणारं मूल बऱ्याचदा सगळ्यात बारीक गोष्ट टिपतं.

माहितीची पाटी शेवटी वाचा. छोटी वही आणि पेन्सिल न्या. पेन नको, बहुतेक ठिकाणी चालत नाही. पाठीवरची सॅक असेल तर ठेवून द्या, वळताना तीच चित्राला लागते.

दालन ७:
पाटी शेवटी, हे मला पटत नाही. जर्मन चित्रकार हॉल्बाइनचं १५३३ मधलं दोन राजदूतांचं चित्र घ्या, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. खाली जमिनीवर एक तिरका, ताणलेला आकार आहे. समोरून तो निव्वळ डाग वाटतो. बाजूला जाऊन कडेने पाहिलं तर कवटी दिसते. हे कोणी सांगितलं नाही तर माणूस समोर उभा राहून कौतुक करून निघून जाईल आणि चित्राचा अर्धा आशय त्याच्या हाती लागणार नाही. माहिती हा अडथळा नसतो.

कोरा कागद:
दालन ७, मुद्दा मान्य. पण नऊ वर्षांचं मूल पहिला प्रश्न विचारतं तो "खाली ते काय आहे?" हाच. तो प्रश्न त्याच्या तोंडून येऊ द्या आणि मग पाटी वाचा. एवढाच माझा आग्रह. आधी वाचलं की ते पाटीत लिहिलेलंच शोधतं.

पाऊलवाट:
सगळ्यांचे आभार, उंबरठा तुमचे विशेष. मी सकाळी पोहोचल्या पोहोचल्या टोकन घेणार.

अडचण अशी आहे की सकाळच्या फेरीला आईला यायचंय, ती पाऊण तासाची आहे आणि लगेच प्रात्यक्षिक आहे. व्याख्यानाचंही तिच्या मनात आहे. मुलगा व्याख्यानात बसणार नाही.

निवांत:
फेरी सोडा. वाईट असते म्हणून नव्हे. चांगला मार्गदर्शक असेल तर फेरी फारच सुरेख होते. पण पाऊण तास दुसऱ्याच्या गतीने उभं राहायचं असतं, आणि आईंचं चित्र त्या वाटेवर असेलच असं नाही. तो पाऊण तास त्यांच्या चित्राला द्या.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात ते मोजलं होतं. सरासरी २७ सेकंद, आणि निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकलेले. मी हे वाचल्यावर एकदा घड्याळ लावून एका चित्रापुढे दहा मिनिटं बसलो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कंटाळा आला, उठावंसं वाटलं. सहाव्या मिनिटाला पार्श्वभूमीतला एक माणूस दिसला जो तोवर माझ्यासाठी तिथे नव्हताच. तेव्हापासून एका दिवसात तीन-चार चित्रं, बस्स.

व्याख्यान सभागृहात असतं, खुर्च्या असतात, त्यामुळे आईंसाठी ते उत्तमच. तेवढ्या वेळात तुम्ही दोघं मोकळ्या जागेत शिल्पं बघा. शिल्पाभोवती फिरता येतं, मुलाला तेच हवं असतं.

ठसा:
व्याख्यान छापचित्रांवर असेल तर त्याआधी प्रदर्शन बघून झालेलं असू द्या. न बघता गेलं तर पडद्यावरच्या स्लाइड खऱ्या चित्रांची जागा घेतात. जपानी चित्रकार होकुसाईचं प्रसिद्ध लाटेचं छापचित्र अनेकांना भिंतभर वाटतं. मूळ कागद जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटर आहे, दोन हातांत सहज मावणारा.

पाऊलवाट:
जाऊन आलो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दार उघडताच टोकन घेतलं, मग स्टूल, आणि लिफ्टने थेट वर. आईचं चित्र अगदी लहान आहे. एक बाई पांढऱ्या कपड्यांच्या घड्या घालतेय, बस. आई त्याच्यापुढे अर्धा तास बसली. मी शेजारी उभी. बऱ्याच वेळाने म्हणाली, "यात पांढरा कुठेच नाहीये गं." मी बघितलं तर खरंच. सावलीतली घडी निळसर, हाताजवळची गुलाबी, खिडकीकडची पिवळट, आणि नुसता पांढरा एकाच ठिकाणी, वरच्या कापडाच्या दुमडीवर, नखाएवढा. तो एका फटकाऱ्यात ओढलाय आणि रंग तिथे किंचित वर उचललेला आहे. तीस वर्षं तिने हे चित्र कॅलेंडरच्या पानावर पाहिलं होतं.

प्रात्यक्षिकात भाच्याला बारेनने घासायला मिळालं. त्याचा लाल थोडा सरकला, रेषेबाहेर आला. तो हिरमुसला. पण मग प्रदर्शनात तो प्रत्येक चित्रापुढे हात मागे बांधून कडाच बघत होता आणि एका ठिकाणी ओरडलाच, "मावशी, इथे पण सरकलाय!" एका किमोनोच्या बाहीवर निळा रेषेच्या बाहेर होता. सुरक्षारक्षक काका हसले आणि त्याला पलीकडच्या भिंतीवरचं आणखी एक दाखवलं. ते रोज तिथेच उभे असतात, त्यांना सगळी ठाऊक आहेत.

माहितीपट सोडला. व्याख्यान आईने पूर्ण ऐकलं. या चित्रांचा संच दोन महिन्यांनी बदलणार असं तिथे कळलं, तारीख तिने पत्रकाच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतलीय. ठसा, नव्या संचात रंगाशिवाय नुसत्या दाबाने उठवलेलं काम आहे म्हणे. अंधाऱ्या दालनात ते दिसायचं कसं?

ठसा:
समोरून दिसणार नाही. चित्राच्या बाजूला जा, डोळे कागदाच्या पातळीजवळ आणा आणि दिव्याचा उजेड तिरका पडतोय अशी जागा शोधा. पांढरी फुलं, बर्फ, पक्ष्यांची पिसं, कपड्यांची वीण, आधी तिथे बघा. कोऱ्या वाटणाऱ्या कागदावर बारीक उंचवट्यांची सावली पडलेली असते. आईंना स्टूल भिंतीपासून थोडं तिरकं मांडून द्या.