प्रशिक्षण पहिलीच्या शिक्षकांपुरतेच का असावे?
नवी पाठ्यपुस्तके पहिलीच्या शिक्षकांच्या हाती येत असल्याने नव्या अभ्यासक्रमाचे प्रशिक्षण त्यांना दिले की पुरे, असे मत मांडले जाते; ते मला मान्य नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधील पायाभूत स्तर वयाच्या तिसऱ्या वर्षी सुरू होऊन आठव्या वर्षापर्यंत, म्हणजे दुसरीपर्यंत जातो, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या या स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यानुसार तीन ते सहा या वयात मुलांच्या हाती पाठ्यपुस्तक असणे अपेक्षितच नाही. त्यामुळे पुस्तकाभोवती बेतलेले प्रशिक्षण निम्म्याहून अधिक टप्पा वगळते, ही बाब चर्चेत अजून आलेली नाही.

मुळशी तालुक्यातील आमच्या केंद्रात, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटात, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेला (बैठकीला) अंगणवाडी सेविकांनाही बोलावण्याची पद्धत सुरू केली. सेविका महिला व बालविकास विभागाकडे आणि शिक्षक जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे असल्यामुळे सेविकांच्या पर्यवेक्षिका व शाळांचे केंद्रप्रमुख यांना तारखा जुळवाव्या लागतात, आणि ते काम खरोखरच कष्टाचे आहे. पण कोणते मूल गटात बोलत नाही, कोणाच्या घरी मराठी बोलली जात नाही, कोणाला खडू धरताना अडचण येते, हे सेविकेला ठाऊक असते. ती माहिती जूनपूर्वी मिळाल्यास शिक्षकाचे पहिले काही आठवडे चाचपडण्यात जात नाहीत. प्रशिक्षणाच्या वेळापत्रकातच अशा संयुक्त बैठकीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, अशी लेखी मागणी शिक्षकांनी आणि सेविकांनी मिळून करावी.